पत्र, पत आणि घरचं टपाल

आजचा विषय जाहीर झाल्यावर काही जुन्या विद्यार्थ्यांनी विचारलं, की सर, आयुष्यभर कांट आणि शंकराचार्य शिकवले, आता ई-मेलचा सर्व्हर? प्रश्न रास्त आहे. पण पत्र कोणाच्या हातून जातं, वाटेत ते कोण उघडू शकतं आणि पोचलं नाही तर जाब कोणाला विचारायचा, हे प्रश्न आम्हाला तरी फार जुने वाटतात. घरच्या घरी आपला ई-मेल सर्व्हर चालवणं हा त्यांचा सध्याचा अवतार. म्हणून आज थोडा इतिहास सांगायचा आहे, आणि होईल तेवढा आपल्या जुन्नर-आंबेगावच्या बाजूने.

आधी वस्तू काय आहे ते पाहू. ई-मेल सर्व्हर म्हणजे सतत चालू असलेल्या संगणकावरचे दोन-तीन प्रोग्रॅम. एक बाहेरून आलेलं पत्र घेतो आणि आपलं बाहेर धाडतो, दुसरा ते जपून ठेवतो आणि मागितल्यावर दाखवतो. पोस्टफिक्स, डव्हकॉट ही त्यांची नावं. दोन्ही फुकट मिळतात. जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा संगणक एका कुटुंबाच्या टपालाला पुरतो. आमच्या मंचरच्या घरी देव्हाऱ्याशेजारच्या कपाटात असा एक ठेवला आहे. त्याचा आवाज पंख्यापेक्षा कमी.

पत्राची देवघेव ज्या नियमांनी होते ते एसएमटीपीचे नियम जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये प्रसिद्ध केले. ते वाचताना एक गोष्ट लक्षात येते. तुम्ही कोण, कंपनी की विद्यापीठ की घर, असं त्यात कुठेही विचारलेलं नाही. नियमांच्या लेखी मंचरचं कपाट आणि कॅलिफोर्नियातलं अवाढव्य केंद्र एकाच पंगतीला बसतात. प्रत्यक्षात तसं बसू दिलं जात नाही, आणि ते का, हाच आजचा मुख्य भाग आहे. तिथे पोचायला मात्र जरा मागून यावं लागेल.

आपल्याकडे टपाल ही एकट्या सरकारची गोष्ट कधीच नव्हती. पेशवाईत सरकारी पत्रं जासूद नेत, बहुधा जोडीने, म्हणजे एकाला वाटेत काही झालं तर दुसरा पोचेल. पण सावकारांची स्वतःची व्यवस्था होती, आणि ती काही वेळा दरबारापेक्षा वेगवान असे. हुंड्यांचा व्यवहार बातमीवर चालतो. बातमी उशिरा आली तर पेढी बुडते. पानिपताची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. १४ जानेवारी १७६१ ला लढाई झाली. नानासाहेब पेशवे फौज घेऊन उत्तरेकडे निघाले होते, आणि पराभवाचा अंदाज त्यांना आला तो सावकारी पत्रातून. ग्रँट डफ लिहितो, की पानिपताकडच्या सावकारांनी औरंगाबादच्या आपल्या आडत्यांना पत्र धाडलं होतं आणि कासीद नऊ दिवसांत पोचवायच्या बोलीवर निघाला होता. पेशव्यांच्या माणसांनी त्याला वाटेत गाठलं आणि पत्र फोडलं. आत मोती, मोहरा, रुपये अशी सांकेतिक भाषा होती.

या प्रसंगावर शोकांतिका म्हणून पुष्कळ लिहिलं गेलं आहे. आम्ही तो टपालाचा प्रसंग म्हणून वाचतो. खाजगी व्यवस्था सरकारीच्या पुढे होती. सरकारने ती अडवून वाचली. आणि लिहिणाऱ्यांनी असं होणार हे आधीच धरून मजकूर झाकला होता. आज ई-मेलविषयी जे वाद होतात ते याहून फार वेगळे नाहीत.

ही खाजगी टपालं संपली ती कायद्याने. कंपनी सरकारने १८३७ चा १७ वा कायदा करून मोबदला घेऊन पत्रं नेण्याचा अधिकार एकट्या सरकारकडे घेतला. १८५४ मध्ये अंतर कितीही असो, अर्ध्या आण्यात पत्र, अशी सोय झाली. सामान्य माणसासाठी ती मोठीच गोष्ट होती. मक्तेदारी नेहमी दंडुक्याने येते असं नाही, पुष्कळदा ती स्वस्ताईने येते. पुढे १८९८ च्या पोस्ट ऑफिस कायद्याने हा एकाधिकार पक्का केला आणि तो कागदावर सव्वाशे वर्षं टिकला. २०२३ च्या नव्या कायद्याने तो काढला, सरकारकडे तिकिटं छापण्याचा एकाधिकार तेवढा उरला. पत्र अडवून उघडण्याचा अधिकार मात्र गेला नाही, तो कलम ९ मध्ये आहे. वाहून नेण्याचा हक्क सोडला, वाचण्याचा ठेवला.

आता आपल्या भागात येऊ.

खोडदला दुर्बीण आहे हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. नारायणगावहून जाताना उसाच्या वर डोकावणाऱ्या त्या तबकड्या दिसतात. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर, एकूण ३०. त्यातल्या १४ मध्यभागी आणि बाकीच्या १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन हातांवर, सुमारे २५ किलोमीटरच्या विस्तारात. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही जागा निवडली त्यामागे इथली शांतता हे एक मोठं कारण होतं. शांतता कानाची नव्हे, रेडिओ लहरींची. डोंगर आडवे, शहर लांब, कारखाने कमी. सगळ्या तबकड्या ऑप्टिकल फायबरने केंद्राशी जोडल्या. म्हणजे पुण्यातल्या बहुतेकांनी फायबर हा शब्द ऐकला नव्हता तेव्हा जुन्नरच्या कांद्या-टोमॅटोच्या रानाखालून फायबर जात होता.

याच दुर्बिणीच्या नावाने आपल्या तालुक्याशी जोडलेला पहिलावहिला ई-मेलचा पत्ता जगात फिरला, असं म्हणायला हरकत नाही. १९९० च्या दशकातले शोधनिबंध पाहिले तर पुण्याच्या या शास्त्रज्ञांच्या नावाखाली जीएमआरटी डॉट ईआरनेट डॉट इन असे पत्ते छापलेले दिसतात. ईआरनेट हे इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने १९८६ मध्ये सुरू केलेलं संशोधन-शिक्षणाचं जाळं. पाच आयआयटी, बंगळूरची विज्ञान संस्था, मुंबईची एनसीएसटी आणि स्वतः तो विभाग, असे त्याचे मूळ आठ घटक. परदेशाकडे जाणारी पत्रं जुहूच्या एनसीएसटीतून जात. डॉट इन हे नाव १९८९ च्या मे महिन्यात नोंदलं गेलं आणि पुढची बरीच वर्षं त्याची वहीही तिथेच होती.

तेव्हा पत्र थेट जात नसे. एका संस्थेचा संगणक दुसऱ्याला मोडेमवरून फोन लावायचा, साठलेली पत्रं द्यायची-घ्यायची, फोन ठेवायचा. दुसरा तिसऱ्याला. जगभर हे काम बहुधा रात्री चाले, कारण तेव्हा फोनचे दर उतरलेले असत. जुन्या पद्धतीत पाठवणाऱ्याने पत्त्यातच वाट लिहायची, प्रत्येक मुक्कामाच्या नावापुढे उद्गारचिन्ह. म्हणजे घोडेगावाहून जुन्नरला पत्र द्यायचं तर घोडेगाव उद्गारचिन्ह, मंचर उद्गारचिन्ह, नारायणगाव उद्गारचिन्ह, जुन्नर. वाट चुकली की पत्र चुकलं.

आणि वाटेवरचा प्रत्येक जण दुसऱ्याचं पत्र पुढे नेई, पैसे न घेता. आपल्याकडे एसटीच्या ड्रायव्हरजवळ डबा द्यायची रीत होती, आठवत असेल. मुलगा पुण्याला शिकायला, आई सकाळच्या गाडीत डबा ठेवते, शिवाजीनगरला मुलगा उतरवून घेतो. ड्रायव्हरने डबा उघडला नाही आणि पावतीही दिली नाही. सुरुवातीचा ई-मेल असा चालला. कोणाच्याही सर्व्हरने कोणाचंही पत्र पुढे न्यायचं, याला तेव्हा कोणी सुरक्षेतलं भोक म्हणत नव्हतं, शेजारधर्म म्हणत होते.

तो शेजारधर्म जाहिरातींनी संपवला. पहिली न मागितलेली जाहिरात १९७८ मध्येच गेली होती, एका संगणक कंपनीच्या विक्रेत्याने सुमारे चारशे जणांना एकदम पाठवलेली. तेव्हा लोक चिडले आणि विसरले. १९९५ नंतर, आपल्याकडे त्या वर्षीच्या १५ ऑगस्टला व्हीएसएनएलने इंटरनेट सर्वांना खुलं केलं त्याच सुमारास, जगभर जाळं बाजारात उतरलं आणि हे प्रमाण असह्य झालं. डबा नेणाऱ्या ड्रायव्हरकडे कोणीतरी रोज हजार डबे ठेवू लागलं तर तो काय करील? तो एकही डबा घेणार नाही. सर्व्हरांनी दारं लावून घेतली. १९९७ मध्ये पॉल व्हिक्सी आणि सहकाऱ्यांनी कुप्रसिद्ध पत्त्यांची यादी वाटायला सुरुवात केली, पुढच्या वर्षी स्पॅमहाउस ही संस्था निघाली. काळ्या यादीचा जमाना सुरू झाला.

इथे जरा थांबू, कारण आमच्या मते सगळा तिढा इथे आहे.

काळी यादी दोन प्रकारची असते. पहिलीत ज्या पत्त्यावरून प्रत्यक्ष कचरा आला तो पत्ता जातो. ही शिक्षा झाली. कृत्य आहे, पुरावा आहे, सुटकेचा मार्ग आहे. दुसरी यादी निराळी. स्पॅमहाउसच्याच एका यादीत घरगुती जोडण्यांचे पट्टेच्या पट्टे नोंदलेले असतात. त्या संस्थेचं म्हणणं, हा आरोप नव्हे, अशा पत्त्यांवरून पत्र थेट येणं अपेक्षित नाही एवढंच धोरण आहे. युक्तिवाद व्यवहारात बिनतोड आहे, कारण घरगुती संगणकांत विषाणू शिरून लाखो यंत्रं नकळत कचरा धाडत होती. पण परिणाम पाहा. तुम्ही काय केलंत यावरून तुमचं पत्र परत जात नाही, तुम्ही कोणत्या आळीत राहता यावरून जातं. कृत्यावरून निवाडा आणि वर्गावरून निवाडा यांतला फरक आम्ही वर्गात वर्षानुवर्षं शिकवला. त्याचं इतकं स्वच्छ उदाहरण फळ्यावर कधी लिहिता आलं नव्हतं.

पुढची पायरी म्हणजे कागदपत्रं. २००३ ते २०१२ या काळात तीन गोष्टी आल्या. पहिली एसपीएफ. या नावाने पत्र पाठवायला कोणत्या पत्त्यांना मुखत्यारी दिली आहे त्याची जाहीर यादी. दुसरी डीकेआयएम, म्हणजे शिक्का. मराठी पत्रव्यवहार ज्यांनी हाताळला आहे त्यांना हे सांगायला नको. पत्राच्या माथ्यावर शिक्का असे आणि मजकूर संपला तिथे मोर्तब, म्हणजे खाली कोणी ओळ वाढवायला नको. डीकेआयएम नेमकं हेच करतं, फक्त लाखेऐवजी गणिताने. मजकुरात एक अक्षर बदललं की शिक्का जुळत नाही. तिसरी डीमार्क, शिक्का जुळला नाही तर पत्राचं काय करावं याची घरमालकाने दिलेली सूचना. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी अशा गोष्टींची सक्ती केली. दिवसाला पाच हजारांहून अधिक पत्रं धाडणाऱ्यांना सगळंच, लहानांना थोडं कमी.

हे तिन्ही घरबसल्या करता येतं, एका संध्याकाळी. अडतं ते चौथ्या गोष्टीवर. पत्र घेणारा उलट तपास करतो, हा आकडी पत्ता कोणाच्या नावावर आहे? त्याचं उत्तर तुमच्या हातात नसतं. आकडी पत्ता इंटरनेट पुरवणाऱ्याच्या मालकीचा, त्याची नोंद त्याच्याकडे. आम्ही एका पुरवठादाराला ही नोंद करून द्या म्हणून विनंती केली. तिथला तरुण नम्र होता. म्हणाला, "काका, घरगुती प्लॅनमध्ये असं काही नसतं, तुम्ही जीमेल का वापरत नाही?" त्याच्या प्रश्नाला आम्ही त्या दिवशी उत्तर दिलं नाही, कारण त्याला संध्याकाळपर्यंत अजून वीस फोन घ्यायचे होते.

आकडी पत्त्यांची टंचाई हाही एक भाग आहे. जुन्या पद्धतीचे पत्ते साधारण ४२९ कोटी. जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपला, आशियाचा त्याच एप्रिलमध्ये तळाला गेला. त्यामुळे पुरवठादार शेकडो घरांना एकाच पत्त्याआड बसवतात. वाड्याला एकच दिंडी दरवाजा आणि आत बिऱ्हाडंच बिऱ्हाडं. बाहेर जाता येतं, पण पोस्टमनला आत कोणाकडे जायचं ते कळत नाही. नव्या पद्धतीचे, आयपीव्हीसिक्सचे पत्ते अमाप आहेत आणि भारतात त्यांचा वापर जगात चांगल्यापैकी आहे. तरी टपालाच्या बाबतीत त्या पत्त्यांकडे संशयानेच पाहतात.

नाव आणि पत्ता हे वेगळे आहेत, हा आमचा तत्त्वज्ञानाचा जुना छंद, पण आंबेगाव तालुक्यातल्या माणसाला तो समजावायला लागत नाही. तालुक्याचं नाव आंबेगाव. ते गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. कचेऱ्या घोडेगावला. नाव चालू, ठिकाण बदललेलं, आणि कोणाचंही पत्र अडत नाही, कारण नावावरून ठिकाण शोधून देणारी वही शाबूत आहे. इंटरनेटची ही वही म्हणजे डीएनएस, १९८३ ची पॉल मोकापेट्रिस यांची कल्पना. म्हणून घरच्या सर्व्हरच्या भानगडीत न पडणाऱ्यांनाही आमचं सांगणं असतं, निदान नाव स्वतःचं घ्या. टपाल आज कोणत्याही कंपनीकडे ठेवा. उद्या पटलं नाही तर वहीत एक नोंद बदलून दुसरीकडे न्या. पत्ता त्या कंपनीच्या नावाने संपत असेल तर मात्र तुम्ही त्यांच्या वाड्यातले बिऱ्हाडकरू.

लोकांना वाटतं, खेडेगावात सर्व्हर म्हणजे वीज गेली की संपलं. उलट आहे. ई-मेलचे नियम लिहिणाऱ्यांना भारनियमन माहीत नसेल, पण बेभरवशाच्या तारा माहीत होत्या. तुमचं दार बंद दिसलं तर पाठवणाऱ्याने थोड्या वेळाने पुन्हा यावं, आणि निदान चार-पाच दिवस प्रयत्न सोडू नयेत, असं नियमांतच सुचवलं आहे. वळवाच्या पावसात खांब पडून आमच्याकडे दीड दिवस अंधार होता. वीज आल्यावर तासाभरात सगळी पत्रं ओळीने आली, एकही हरवलं नाही. रात्रीच्या विजेवर शेताला पाणी देणाऱ्या आणि त्याच वेळी बिबट्याकडे लक्ष ठेवणाऱ्या माणसाला ही चिकाटी कळेल.

म्हणजे येणाऱ्या पत्रांची अडचण फार नाही. जाणाऱ्यांची आहे. ती अनेक जण तडजोडीने सोडवतात, आम्हीही. पत्रं घरी येतात, घरीच राहतात. बाहेर जाणारी मात्र पैसे घेऊन वाहून नेणाऱ्या, चांगली पत असलेल्या एका मध्यस्थाकडे दिली जातात. शिक्का आमचाच. १८३७ मध्ये वाहतुकीचा हक्क कायद्याने गेला होता. या खेपेला कायदा आड येत नाही, पत आड येते. कायद्याविरुद्ध निदान कोर्टात जाता येतं. तुमची पत कमी आहे हे ठरवणारा हिशोब कोणाला दाखवला जात नाही, पत्र गुपचूप स्पॅमच्या खणात पडतं, आणि पाठवणाऱ्याला वाटतं समोरचा रुसला.

एवढा खटाटोप करून खाजगीपणा मिळतो का? अर्धा मिळतो, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. बेंजामिन माको हिल नावाचे संशोधक वर्षानुवर्षं स्वतःचा सर्व्हर चालवत. २०१४ मध्ये त्यांनी आपली टपालपेटी मोजली, तेव्हा त्यांच्या खाजगी पत्रव्यवहारातला जवळपास निम्मा भाग गूगलकडे आहेच असं दिसलं, कारण समोरचे लोक जीमेलवर. पत्राला दोन टोकं असतात. दुसरं उदाहरण सगळ्यांना माहीत असलेलं. हिलरी क्लिंटन यांनी परराष्ट्रमंत्री असताना चॅपाक्वाच्या घरच्या सर्व्हरवरून सरकारी कामाचा पत्रव्यवहार केला, २०१५ मध्ये ते उघड झालं आणि गदारोळ झाला. काही जण त्यावरून घरचा सर्व्हर म्हणजेच लबाडी असं समजतात. तिथे दोष सार्वजनिक दप्तर खाजगी कपाटात गेल्याचा होता. पेशवे दप्तर कोणी कारकुनाने घरी नेलं असतं तर सरदेसायांना काय सापडलं असतं? उलट आपली घरची पत्रं आपल्या घरी असणं, यात तर काही विशेष नाही. आमच्या आजोबांची पोस्टकार्डं तारेत ओवून खुंटीला टांगलेली असत.

एक जाता जाता. देवनागरीत ई-मेलचा पत्ता आता शक्य आहे. डॉट भारत ही ओळख ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झाली आणि पोस्टफिक्सला २०१५ पासून अशी पत्रं समजतात. आम्ही घरच्या सर्व्हरवर मराठी नावाचा पत्ता करून पाहिला. तो चालतो. मात्र बँकांचे आणि सरकारी कचेऱ्यांचे अर्ज तो पत्ता चुकीचा म्हणून परत करतात, त्यामुळे तो नातवंडांशी बोलण्यापुरता उरला आहे.

शेवटी, आमच्या वयाच्या माणसाला जो प्रश्न खरोखर छळतो तो वारसाचा. जमीन असेल तर तलाठ्याकडे वारसनोंद होते, सातबारा बदलतो; कटकट आहे पण रस्ता ठरलेला आहे. इंटरनेटवरचं नाव भाड्याचं असतं, वर्षावर्षाने. भाडं थकलं तर डॉट कॉमसारख्या नावांना आधी काही सवलत, मग ३० दिवस सोडवून घेण्याची मुदत, मग ५ दिवस, आणि नंतर ते कोणीही घ्यावं. नवा मालक त्या नावावर सर्व्हर उभा करतो आणि गेलेल्या माणसाच्या नावाने येणारं टपाल त्याच्याकडे जाऊ लागतं: बँकेचं, विम्याचं, पासवर्ड बदलून देणाऱ्या दुव्यांचं. बाराव्या-तेराव्याच्या गडबडीत हे कोणाच्या ध्यानात येणार? म्हणून आम्ही कपाटात, संगणकाच्या खाली, एक वही ठेवली आहे. तिच्यात नाव कुठे नोंदलं, भाड्याची तारीख कोणती, शिक्क्याची किल्ली कुठे, आणि आम्ही गेल्यावर निदान पाच वर्षं भाडं भरत राहा, हे बॉलपेनने लिहिलं आहे. सूनबाईंनी ती वाचली आणि मुदतीची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयवर दरवर्षी उतरवून घ्यायचं कबूल केलं आहे. यंदा ती नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी येते.